विनिपेगचा अँडी मायनार्स्की : एका सलामाची आठवण

आमचे मेहुणे कॅनडात, ऑन्टारियो प्रांतातील हॅमिल्टन शहराजवळ राहतात. काही वर्षांपूर्वी तिकडच्या उन्हाळ्यात त्यांनी आम्हांस एक छायाचित्र पाठविले. निळ्या आकाशात चार इंजिनांचे, काळ्या पोटाचे एक जुने विमान, आणि त्याच्या कुशीवर तांबड्या रंगात मोठी अक्षरे : व्ही, आर आणि ए. खाली त्यांनी लिहिले होते, "हे आमच्या छपरावरून जाते तेव्हा कपाटातली भांडी वाजू लागतात. गुरुजी, ह्याची काही गोष्ट असेल तर शोधून काढा."

गुरुजींना काम सांगितले की गुरुजी करतातच. आम्ही गोष्ट शोधली. ती वाचून झाल्यावर पुष्कळ दिवस मनातून जाईना. नोव्हेंबर महिन्यात क्यूरपीपच्या युद्धस्मारकापाशी पुष्पचक्रे वाहिली जातात, त्या सुमारास आम्ही ती आमच्या मराठीच्या वर्गात सांगितली. वर्गात एका मुलीने असा प्रश्न विचारला की आम्हांला त्याचे उत्तर देता आले नाही. म्हणून आज ती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

विमान लँकास्टर जातीचे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवर आणि जर्मनांनी व्यापलेल्या मुलखावर रात्रीचे बॉम्ब टाकणारी ही इंग्रजांची मुख्य विमाने. एकूण ७,३७७ बांधली गेली. आज उडू शकतील अशी दोनच उरली आहेत. एक इंग्लंडात, दुसरे हॅमिल्टनच्या विमान-संग्रहालयाकडे. ह्या दुसऱ्याला 'मायनार्स्की मेमोरियल लँकास्टर' म्हणतात. मायनार्स्की ज्यातून शेवटचे उडाला ते विमान १९४४ साली फ्रान्समध्ये पडून जळाले. हे दुसरे विमान त्याची अक्षरे अंगावर घेऊन उडते.

अँड्र्यू चार्ल्स मायनार्स्की १४ ऑक्टोबर १९१६ रोजी कॅनडातल्या विनिपेग शहरी जन्मला. आईबाप पोलंडहून आलेले. दूर देशी पोटासाठी आलेल्या माणसांचे घर कसे असते हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. घरात एक भाषा, शाळेत दुसरी. नाव उच्चारताना मास्तर अडखळणार. आणि बापाच्या हातांवर सारा डोलारा. अँडी सोळा वर्षांचा असताना बाप वारला. मुलाने फरचे कपडे करणाऱ्यांकडे चामडे कापण्याचे काम धरले आणि चार वर्षे घराला हातभार लावला. आमच्या आज्याच्या पिढीत असे किती मुलगे होते! वही मिटून उसाच्या शेतात किंवा पोर्ट लुईच्या धक्क्यावर गेलेले. त्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत. अँडीचेही नाव कोरले गेले नसते, तो विनिपेगलाच राहता तर.

१९४१ साली तो कॅनडाच्या हवाई दलात भरती झाला. तोफा चालविण्याचे शिक्षण घेऊन इंग्लंडास गेला. १९४४ च्या एप्रिलात त्याची नेमणूक ४१९ व्या तुकडीत झाली. तिचा तळ इंग्लंडच्या उत्तरेस डरहॅम परगण्यात, मिडल्टन सेंट जॉर्ज येथे होता.

लँकास्टरमध्ये सात माणसे असत. पुढे वैमानिक, इंजिने सांभाळणारा, मार्ग दाखविणारा, बिनतारी यंत्रावरचा आणि बॉम्ब सोडणारा. मागे दोन तोफची. एक विमानाच्या पाठीवर मधोमध असलेल्या काचेच्या घुमटात, दुसरा अगदी शेपटीला तशाच घुमटात. अँडी पाठीवरच्या घुमटात बसे. शेपटीला पॅट ब्रॉफी. ही शेपटीची जागा सगळ्यांत एकाकी. पुढचे पाच जण एकमेकांना हाताने स्पर्श करू शकत. शेपटीचा माणूस रात्रभर अंधाराकडे तोंड करून, उलट्या दिशेने प्रवास करीत, थंडीत गोठत बसे. त्याच्या सर्वांत जवळचा मनुष्य म्हणजे पाठीवरचा तोफची.

अँडी आणि पॅट ह्यांची गट्टी जमली. एक अडचण होती. पॅट अधिकारी होता आणि अँडी नव्हता, त्यामुळे दोघांचे जेवण आणि झोपण्याच्या जागा वेगळ्या. संध्याकाळी बरोबर हिंडून झाले की ते वेगवेगळ्या दारांनी आत जात. मग अँडी थट्टेने टाचा जुळवून कडक सलाम ठोकी आणि म्हणे, "गुड नाईट, सर." हे रोजचेच. मित्रामित्रांतला हा खेळ होता, दर्जाची थोडी टिंगलही होती.

१२ जून १९४४ ची संध्याकाळ. दोस्त राष्ट्रांचे सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरून सहा दिवस झाले होते. जर्मनांची कुमक आगगाडीने येई, ती रोखण्यासाठी रेल्वेची ठाणी उडवायची होती. त्या रात्री ह्या पथकाला उत्तर फ्रान्समधील कांब्रे येथील रेल्वेचे यार्ड दिले होते. ही त्यांची तेरावी मोहीम. उडण्याआधी सगळे विमानाजवळ गवतात बसले होते. अँडीला गवतात चार पानांचे क्लोव्हर सापडले. हे तीन पानांचे एक रानरोपटे. क्वचित एखाद्याला चौथे पान येते, आणि ते ज्याला सापडेल त्याचे भाग्य उघडते अशी तिकडे समजूत. अँडीने ते खुडले आणि पॅटला देऊन टाकले. त्याला पायलट ऑफिसरचा दर्जा नुकताच मिळाला होता. आता दोघे बरोबरीचे झाले होते.

फ्रान्सचा किनारा ओलांडून विमान खाली उतरू लागले तेव्हा मागून एका जर्मन लढाऊ विमानाने गाठले. गोळे लागले. डाव्या पंखाची दोन्ही इंजिने बंद पडली, पंख पेटला, आणि विमानाच्या पोटात, दोन्ही तोफचींच्या मधोमध आग भडकली. आर्ट दे ब्रेन हा वैमानिक. विमान सावरणे शक्य नाही हे पाहून त्याने सर्वांना उडी घेण्याचा हुकूम दिला. ब्रॉफीने घड्याळाकडे पाहिले. मध्यरात्र उलटून तेरा मिनिटे झाली होती, तारीख १३. तेरा आकड्याला ते लोक किती भितात हे ठाऊकच आहे. आम्हांला त्या आकड्याचे काही वाटत नाही, पण ब्रॉफी तो आयुष्यभर विसरला नाही.

आता जे घडले ते नीट समजायला शेपटीच्या घुमटाची रचना कळली पाहिजे. हा घुमट तोफांसकट डावीउजवीकडे फिरतो. फिरविण्याची शक्ती तेलाच्या दाबाने येते, आणि तो दाब इंजिनाच्या जोरावर. घुमट सरळ शेपटीच्या रेषेत असला तरच त्याची मागची दारे विमानाच्या पोटाकडे उघडतात. बसण्याची जागा इतकी अरुंद की पॅराशूट अंगावर चढवता येत नाही. ते दारांमागे विमानात टांगलेले असते. इंजिने बंद पडताच दाब गेला आणि घुमट वाकडा असतानाच अडकला. ब्रॉफीने दारे जेमतेम फटीएवढी उघडून कसेबसे पॅराशूट ओढून घेतले. घुमट हाताने फिरविण्यासाठी एक दांडी असते. तो ती फिरवू लागला, आणि दांडी तुटून हातात आली. तो एका जळत्या विमानाच्या टोकाला, काचेच्या पेटीत बंद झाला.

अँडी तोवर आपल्या घुमटातून खाली उतरून मागच्या दारापाशी पोहोचला होता. पॅराशूट बांधलेले, दार समोर. उडी घेतली की सुटका. त्याने शेपटीकडे पाहिले आणि ब्रॉफीची नजर त्याच्या नजरेला भिडली.

तो वळला. आगीतून गुडघ्यांवर रांगत तो शेपटीकडे गेला. तिथपर्यंत पोहोचेस्तोवर त्याचे कमरेपासून खालचे कपडे आणि पॅराशूट पेटले होते. विमानात अशा वेळेसाठी एक कुऱ्हाड असे. ती घेऊन त्याने घुमटावर घाव घातले. घुमट हलेना. मग कुऱ्हाड टाकून तो नुसत्या हातांनी ओढू लागला. ब्रॉफीने पाहिले की हा आता जळून मरणार. त्याने हातवारे करून त्याला परत जायला सांगितले, ओरडून सांगितले. पुष्कळदा सांगितल्यावर अँडीने ऐकले. पाठ न फिरवता, ब्रॉफीकडे तोंड ठेवून तो तसाच रांगत आगीतून मागे गेला. दारापाशी तो उभा राहिला. कपडे जळत असताना त्याने टाचा जुळविल्या, हात कपाळाशी नेला, आणि त्याचे ओठ हलले. इंजिनांच्या आणि आगीच्या आवाजात शब्द ऐकू येणे शक्य नव्हते. ब्रॉफी म्हणतो, ते शब्द काय होते हे मला ऐकण्याची गरज नव्हती.

मग त्याने उडी घेतली. जमिनीवरच्या फ्रेंच लोकांनी पेटलेला मनुष्य खाली येताना पाहिला. तो त्यांना जिवंत सापडला, पण इतका भाजलेला होता की थोड्याच वेळात त्याने प्राण सोडला. वय सत्तावीस.

आणि ब्रॉफी? विमान त्याला घेऊन खाली आले. झाडाला पंख आदळून तुटला, धक्क्याने विमान फिरले, अडकलेला घुमट फुटला आणि ब्रॉफी बाहेर फेकला गेला. पोटात बॉम्ब भरलेले होते. त्यांतले थोडेच उडाले. ब्रॉफी उठून बसला. अंगावर सांगण्याजोगी जखम नव्हती. बाकीचे पाच जण आधीच उड्या टाकून उतरले होते. दोघे जर्मनांच्या हाती लागले, ब्रॉफी धरून चौघांना फ्रेंच लोकांनी लपविले. सातांपैकी सहा जगले.

इथे आमच्या वर्गातल्या त्या मुलीने हात वर केला. "गुरुजी, तो सोडवायला गेला नसता तरी दुसरा वाचलाच असता. मग त्याच्या जाण्याचा उपयोग काय झाला?"

वर्ग शांत झाला. आम्ही वीस वर्षे शिकवितो; प्रशिक्षणात आम्हांस शिकविले होते की प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर मुलांनाच उलट विचारावे. तेवढेही सुचले नाही. घंटा झाली, आम्ही वाचलो.

प्रश्न खरा आहे. हिशेब मांडायचा तर अँडी दारापाशी आल्याबरोबर उडी टाकता तर सातही जण वाचले असते. पण हा हिशेब आपण घरात बसून मांडतो. त्या रात्री, त्या विमानात, तो मांडणारा कोणी नव्हता. शेपटीत अडकलेला माणूस मरणार हे अँडीला दिसत होते, ब्रॉफीलाही दिसत होते. आम्हांला वाटते, ब्रॉफीच्या जागी बसून विचार केला तर उत्तराजवळ जाता येते. मरण समोर असताना तो एकटा नव्हता. कोणीतरी आगीतून त्याच्यापर्यंत आले होते. ह्याला 'उपयोग' म्हणावे की काय म्हणावे, हे त्या मुलीने मोठेपणी ठरवावे.

आम्हांला त्याहून अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरीच आहे. हे सारे पाहणारा मनुष्य एकच होता, आणि तो न जगण्याची शक्यता शंभरात नव्याण्णव. विमानाच्या पुढच्या भागातल्या कोणालाही मागे काय चालले आहे हे ठाऊक नव्हते. ब्रॉफी विमानाबरोबर जळता तर कागदावर एवढेच राहिले असते : पायलट ऑफिसर मायनार्स्की, उडी घेताना भाजून मृत्यू. जगात त्या रात्री जे घडले ते घडले नाही असेच झाले असते.

ब्रॉफी सप्टेंबर १९४४ मध्ये लंडनला परत आला, तेव्हा कुठे त्याला अँडी गेल्याचे समजले. १९४५ साली त्याने आपल्या वैमानिकाला सर्व हकीकत सांगितली. दे ब्रेनने ती वरिष्ठांकडे लिहून पाठविली. ११ ऑक्टोबर १९४६ रोजी मायनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला, ब्रिटिश साम्राज्यातला शौर्याचा सर्वांत मोठा मान. मागच्या तोफचीला सोडवू पाहताना आपला जीव जाणार हे त्याला पुरते ठाऊक असले पाहिजे, असे त्या पत्रकात म्हटले आहे. पदक त्याच्या आईच्या हाती देण्यात आले.

ब्रॉफीने पुढेही सांगणे सोडले नाही. लोक विचारीत, तो सांगे. आपल्यासाठी मेलेल्या मित्राची गोष्ट पुन्हापुन्हा सांगणे सोपे नसावे. शिवाय तीत सांगणारा स्वतः काही करीत नाही. तो नुसता अडकून बसलेला आहे. अशी गोष्ट माणूस टाळू पाहील. त्याने टाळली नाही. पदक अँडीला मिळाले ते योग्यच. पण ह्या दुसऱ्या चिकाटीलाही आम्ही मनोमन नमस्कार करतो.

आता स्मारकांविषयी. विनिपेगमध्ये मायनार्स्कीच्या नावाची शाळा आहे, शहराचा एक वॉर्ड त्याच्या नावाने ओळखला जातो आणि मॅनिटोबा प्रांतातल्या सरोवरांना त्याचे नाव आहे. मिडल्टन सेंट जॉर्ज येथे पुढे नागरी विमानतळ झाला. तिथल्या 'नॉर्दर्न एको' ह्या दैनिकाने वाचकांकडून पैसे जमवून २००५ साली अँडीचा पुतळा उभारला. वर्तमानपत्राने असे काही करावे ह्याचे आम्हांस, वर्तमानपत्राच्या एका पानाचे लिहिणारे म्हणून, विशेष कौतुक वाटते. हॅमिल्टनचे लँकास्टर २०१४ साली अटलांटिक ओलांडून इंग्लंडास गेले आणि तिथल्या जोडीदाराबरोबर उडाले, तेव्हा पाहायला लोकांची रीघ लागली होती.

तरीही बॉम्बफेक्या विमानांतल्या माणसांची आठवण ठेवणे इंग्लंडला सोपे गेले नाही. त्यांच्या दलातले ५५,५७३ जण युद्धात मेले. विमानांतून उडालेले सुमारे सव्वा लाख. म्हणजे शंभरात चव्वेचाळीस परतले नाहीत. इतके असूनही लंडनमध्ये त्यांचे राष्ट्रीय स्मारक व्हायला २०१२ साल उजाडले. कारण उघड आहे. त्यांच्या बॉम्बांनी हॅम्बुर्ग आणि ड्रेस्डेनसारखी शहरे जाळली, बायकापोरे मारली. कांब्रेसारख्या ठिकाणी नेम रेल्वेवर असे, पण रेल्वेच्या भोवती घरे असतात. दोस्तांच्या बॉम्बांखाली हजारो फ्रेंच नागरिक मेले, आणि ते तर मित्रपक्षाचे. हे लपवून मुलांना वीरकथा सांगू नये असे आमचे मत आहे. आम्ही वर्गात दोन्ही सांगितले. एका मुलाने विचारले, "मग फ्रेंच लोकांनी त्यांना का लपवले?" ह्याही प्रश्नाला आमच्याकडे पुरे उत्तर नव्हते. एवढे मात्र खरे की बॉम्ब अंगावर घेणाऱ्याच मुलखातल्या माणसांनी त्या चौघांना घरात घेतले, पकडले गेल्यास आपल्याला मरण आहे हे ठाऊक असून. अँडीची कबर मेआरिकूर नावाच्या छोट्या गावच्या कबरस्तानात आहे, गावच्या लोकांच्या कबरींशेजारी.

हे लिहिताना आम्हांला आमच्या चुलत आज्याची आठवण सारखी येत होती. मॉरिशसमधून पायोनियर कोरमध्ये गेलेल्या माणसांबरोबर तेही इजिप्तला गेले होते. त्यांनी विमान चालविले नाही की तोफ डागली नाही. ओझी वाहिली, रस्ते केले. परत आले ते उजव्या हाताची दोन बोटे गमावून. आम्ही लहान होतो तेव्हा ते ओट्यावर बसून विडी ओढीत. बोटांविषयी विचारले की म्हणत, "वाळूने खाल्ली." आम्ही हसत असू. ते गेले तेव्हा आम्ही सहावीत होतो. वाळूने कशी खाल्ली हे नंतर कोणाला विचारणार? बरोबर गेलेले सगळे आधीच गेले होते. त्यांच्या पेटीत एक मळका कागद निघाला, त्यावर नाव चुकीचे लिहिलेले आणि एक क्रमांक.

त्या मुलीला आम्ही गेल्या आठवड्यात पुन्हा गाठले आणि कबूल केले की तुझ्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस अजून आलेले नाही. ती म्हणाली, "राहू दे गुरुजी. मी घरी आजीला गोष्ट सांगितली. आजी म्हणाली, तिचा एक मामा पण लढाईत होता."

मामाचे नाव काय, कुठे होता, हे तिला विचारून यायला सांगितले आहे. ज्या वाचकांच्या घरी असे कोणी काका, मामा, आजे होते, त्यांनी त्यांचे नाव, गाव आणि जे काही घरात सांगितले जाते ते चार ओळींत लिहून ह्या पानाकडे पाठवावे. जुने छायाचित्र किंवा सैन्याचा कागद असल्यास त्याची नक्कल पाठवावी, अस्सल घरीच ठेवावे. अक्षर वाईट असले तरी चालेल.